घरटी एक माणूस

विद्यार्थी सल्ला केंद्र (जुनी खुर्च्यांची खोली),
महाविद्यालय, अलिबाग, जि. कुलाबा
२० सप्टेंबर १९६२

रा. रा. अंबाजी रामा गावंड, मु. वाघखार, ता. पेण, यांस सादर नमस्कार.

आपला-माझा परिचय नाही. आपला मुलगा रघुनाथ आमच्याकडे पहिल्या वर्षाला, आर्ट्सला आहे. मी तर्कशास्त्र शिकवतो. उन्हाळ्यात मुंबईला दीड महिन्याचं प्रशिक्षण घेऊन आलो, म्हणून प्राचार्यांनी हे सल्ला केंद्रही माझ्याकडे सोपवलं. कोणाचा कल कशाकडे आहे ते शास्त्रीय चाचण्यांनी शोधायचं आणि त्याप्रमाणे सल्ला द्यायचा, असं हे काम. आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक याला पोपटवाल्याचा धंदा म्हणतात. मी मनावर घेत नाही.

ऑगस्टअखेर तीन दिवस चाचण्या झाल्या. रघुनाथचा निकाल पाहून मी चक्रावलो आहे.

पहिल्या दिवशी भाषा होती. तीत रघुनाथ सर्वसाधारण. 'माझे ध्येय' या निबंधात त्याने धरमतरच्या लाँचचं इंजिन कसं सुरू होतं एवढंच लिहिलं आहे. विषयांतराचे गुण मला कापावे लागले.

दुसऱ्या दिवशी अंकगणित आणि यंत्रविचार होता. एक चाक असं फिरलं तर तिसरं कसं फिरेल, अशा स्वरूपाचे प्रश्न. त्यात आपला मुलगा साऱ्या महाविद्यालयात पहिला आला आहे. नुसता पहिला नव्हे, दुसरा आलेला मुलगा त्याच्या बराच मागे आहे. मुंबईला उत्तरं पाठवली, तर त्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. मी पुन्हा तपासली.

तिसऱ्या दिवशी आवडनिवड होती. छापील यादीतलं एकही काम रघुनाथला आवडत नाही. खाली स्वतःच्या हाताने त्याने तीन आवडी लिहिल्या आहेत : बसणे, दुसऱ्यास काम सांगणे, कोर्टात जाणे. कागदाला बिडीने पडलेलं भोकही आहे. हे आंतरिक ताणाचं लक्षण असावं.

थोडक्यात, पहिल्या दिवशीचा रघुनाथ लाजरा, दुसऱ्या दिवशीचा तल्लख आणि तिसऱ्या दिवशीचा वैतागलेला आहे. एका माणसात इतके वेगळे कल असल्याचं उदाहरण प्रशिक्षणात नव्हतं. मी त्याला 'विभक्त कल' असं नाव दिलं आहे. जानेवारीत मुंबईच्या परिषदेत यावर निबंध वाचणार आहे.

माझा सल्ला असा : जूनपासून त्याला सायन्सला घालावं आणि पुढे इंजिनिअर करावं. मी त्याला दोनदा बोलावून हे सांगितलं. तो "व्हय सर" म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. आपण वडील आहात, आपला विचार कळवावा.

आपला,
दिनानाथ कारखानीस

&nbsp;

मु. वाघखार
२८ सप्टेंबर १९६२

मास्तर दिनानाथ कारखानीस यांना अंबाजी गावंडचा रामराम.

मला लिहाय-वाचाय येत न्हाय. मी बोलतो, माझी पोरगी मैना लिहिते. तिला सांगितलंय, मी बोलतो तसंच लिही, शाळेतलं करू नको.

तुमचा कागद तिनं दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचताना हसत होती. का हसतेस विचारलं तर बोलली, उगाच.

आमच्या घराचं काम तुमाला पसंत पडलं, बरं वाटलं. इंजिनेर करा बोलताय तर त्याचाही विचार करू. एकच विचारायचं हाय. तिघांपैकी कोणाला करायचं?

पहिल्या दिवशी रघू होता. दुसऱ्या दिवशी मैना होती. तिसऱ्या दिवशी माझा मोठा भाऊ धर्माजी होता. धर्माजीला करणार असाल तर आधीच सांगतो, त्याची साठी जवळ आलीय नि त्याला कोरटाच्या तारखा असतात. चिंचेच्या झाडाचा दावा हाय, माझ्या लग्नाच्या आधीपासनं चालू हाय.

धर्माजी बोलला, तुमी त्याला चा पाजलात. मास्तर माणूस चांगला हाय बोलला. बिडीचं भोक त्याचंच. त्याला ताण न्हाय. ताण आमाला हाय.

अंबाजी रामा गावंड, निशाणी अंगठा

&nbsp;

अलिबाग
३ ऑक्टोबर १९६२

श्री. अंबाजी गावंड यांस,

आपलं पत्र वाचून मी वर्ग सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी माझ्या समोर, हजेरीच्या हाकेला "हजर" म्हणून एक मुलगी बसली होती, आणि ती रघुनाथ नव्हती, हे मला आज कळतं आहे. माझी नजर घड्याळावर होती. चाचणी सेकंदावर मोजायची असते, प्रशिक्षणात तसंच शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावर फेटा बांधलेले एक वयस्क गृहस्थ होते, ते मात्र मी पाहिले. मला वाटलं, विद्यापीठाने पाहणीला माणूस पाठवला. म्हणून मी चहा मागवला. दोन कप घेतले त्यांनी.

श्री. गावंड, याला फसवणूक म्हणतात. एकाच्या नावावर तिघांनी चाचणी देणं हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. माझा अहवाल प्राचार्यांच्या टेबलावर आहे. 'विभक्त कल' या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारून 'उत्तम' लिहिलं आहे. आता मी त्यांना काय सांगू?

रघुनाथची फेरचाचणी होईल. त्या दिवशी कृपया रघुनाथलाच पाठवावं.

दि. कारखानीस

&nbsp;

मु. वाघखार
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९६२

मास्तर,

फसवणूक हा शब्द मैनानं वाचला तवा मी तिला थांबवलं. पुन्हा वाच बोललो. तिनं वाचला. सणाच्या दिवसात असा शब्द घरात आला. पन्नास वर्षं मी खाडीच्या काठाला राहिलो, मला असं कोणी बोललं न्हाय, धर्माजी सोडून.

आता ऐका. आमचं भात खाडीच्या पाण्यापेक्षा खालच्या जमिनीत पिकतं. मधी एक मातीचा बांध हाय, तेवढाच. उधाणाला बांध फुटतो, त्याला आमी खांड पडली बोलतो. खांड पडली की खारं पाणी शेतात येतं नि मंग तीन वर्षं तिथं भाताचा दाणा होत न्हाय. म्हणून गावचा कायदा हाय, घरटी एक माणूस. खांड पडली की हजेरीवाला रावजी बांधावरनं घराच्या नावानं हाक मारतो. "अंबाजीचं घर?" "आला." कोण आला ते रावजी विचारत न्हाय. थोरला येवो, धाकटा येवो, जावई येवो, घर आलं की झालं. घर आलं न्हाय तर त्याला फसवणूक बोलतात. तीन वेळा आलं न्हाय तर बांधावरचं नाव जातं, मंग तुमची खांड तुमी बुजवा.

पिठोरी अमावशेच्या उधाणाला खांड पडली. रघू तुमच्या परीक्षेला बसलेला. तरणा गडी, तोच हवा. त्याला निरोप धाडून बोलावला. पण तुमच्याकडं आमच्या घराची हाक पडणार होती, ती फुकट कशी घालवू? मैनाला पहिल्या एसटीनं पाठवली. बांधाला ताकद लागते. तुमच्याकडं नुसतं बसायचं होतं. तिसऱ्या दिवशी इकडं मातीच्या पाट्या उचलायला बायका कमी पडल्या, मैना परत आली. धर्माजी तारखेला तिकडंच होता, त्याची तारीख पुढं गेली, तो मोकळा होता. तुमची हाक एक दिवस खाली गेली न्हाय. सांगा कुठं चुकलो.

मैनाचं विचाराल तर ती मॅट्रिक झालीय. मामाकडं राहून झाली, रघूपेक्षा जास्त मार्कांनी. पण कॉलेजलाही घरटी एकच परवडतं. रघू गेला, संपलं. तिच्या लग्नाची बोलणी चाललीत.

रघूला फेरपरीक्षेला पाठवतो. तोच येईल. तोंड बघून घ्या.

अंबाजी, अंगठा

(सर, ही ओळ माझी आहे, मैनाची. चाचणीच्या शेवटच्या चित्रात चाकांवरचा पट्टा फुलीसारखा आडवा टाकलेला होता. म्हणजे शेवटचं चाक उलटं फिरणार ना? वेळ संपला आणि तुम्ही कागद ओढून घेतलात. तेव्हापासून डोक्यात फिरतं आहे.)

&nbsp;

अलिबाग
५ नोव्हेंबर १९६२

श्री. अंबाजीराव यांस सादर नमस्कार.

'फसवणूक' हा शब्द मी परत घेतो. आपल्या सणात तो पाठवल्याबद्दल वाईट वाटतं. खरं सांगायचं तर, नोकरी जाईल या भीतीने तो लिहिला.

प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अहवाल पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे ते फेटेवाले पाहणीचे नव्हते?" त्यांनीही त्यांना वाकून नमस्कार केला होता. केंद्र बंद करावं असं त्यांच्या मनात आलं, पण खुर्च्यांच्या खोलीला दुसरं गिऱ्हाईक नाही, त्यामुळे ते चालू आहे. मुंबईचा निबंध रद्द केला.

रघुनाथची फेरचाचणी झाली. तोंड पाहून घेतलं. यंत्रांच्या प्रश्नांत तो बेताचाच आहे. पण या वेळी मी घड्याळ खिशात ठेवून त्याच्याशी बोललो. त्याला लाँचवर काम करायचं आहे. शिकायचं नाही, इंजिनाजवळ उभं राहून ते पाण्यात चालवायचं आहे. हे तुम्हाला सांगायची त्याला हिंमत होत नव्हती. "घरचा माणूस मीच, दुसरा कोण?" असं म्हणाला आणि रडला. तुम्हाला कळवू का असं विचारलं, तर हो म्हणाला.

आता दुसरी गोष्ट. मैनाला सांगावं, चाक उलटंच फिरतं. तिने खूण केली नव्हती म्हणून मला गुण देता आले नाहीत, पण उत्तर बरोबर आहे. अशी मुलगी माझ्या पाहण्यात नाही. मुलगाही नाही. तिला जूनमध्ये सायन्सला पाठवा. प्रत्येक व्यक्तीत काही सुप्त शक्ती असते आणि तिचा पूर्ण विकास करून घेणं हा त्या व्यक्तीचा हक्क असतो, असं आमच्या शास्त्राचं पहिलं तत्त्व आहे. फी माफ होईल, मुलींच्या राहण्याची सोय मी पाहतो.

मैनाचं स्वतःचं म्हणणं काय आहे, तेही विचारून कळवावं.

आपला,
दिनानाथ कारखानीस

&nbsp;

मु. वाघखार
१६ नोव्हेंबर १९६२

मास्तर,

रघूचं ऐकून सोनाबाई, म्हणजे पोरांची आई, बोलली, आता तरी कळलं. तिला ठाऊक होतं. मैनाला ठाऊक होतं. धर्माजीलाही ठाऊक होतं. मला तुमच्या कागदानं कळलं. मी पोराला बोललो, जा लाँचवर. रडायचं काय त्यात? मी काय वाघ हाय?

पण तुमचं ते तत्त्व मैनाला तीन वेळा वाचाय लावलं, तरी माझ्या डोक्यात शिरलं न्हाय. तुमच्या पुस्तकात माणूस एकटाच असतो वाटतं. त्याला घर न्हाय, बांध न्हाय, म्हातारी न्हाय. असा माणूस मला दाखवा, मी त्याला भाकर घालतो बिचाऱ्याला.

माझी अडचण साधी हाय. गेल्या साली मी बांधावरनं पडलो, कंबर गेली. रघू लाँचवर जातोय. धर्माजीला गाव माणूस धरत न्हाय. एकदा भरती चढत असताना त्यानं माती कोणाच्या शेतातली घ्यायची यावर भांडण लावलं, तवापासनं रावजी त्याचं तोंड बघत न्हाय. बायका पाट्या उचलतात, पण हजेरीला पुरुष लागतो. मंग अंबाजीच्या घराला "आला" कोण बोलणार?

म्हणून मैनाचं लग्न. पलीकडच्या गावचा भिकू, घरातला तिसरा, अंगानं बैल. घरजावई राहायला तयार हाय. पोर माझ्या डोळ्यांसमोर राहील नि बांधावर माणूस येईल. यात वाईट काय ते तुमच्या शास्त्राला विचारा.

मैनाला विचारा बोललात, विचारलं. ती बोलली, तुम्ही बोला, मी लिहिते.

तुमाला एवढीच कळकळ असल तर असं करा. माझ्या घरचं माणूस तुमी घेताय ना? मंग घरटी एक माणूस तुमी द्या. पावसात लाँच बंद असते, तवा रघू घरी हाय. बाकीच्या उधाणांना, नि उन्हाळ्यात बांधाला माती चढवतात तवा, तुमच्याकडचं माणूस आलं पाहिजे. हाय कोण?

अंबाजी, अंगठा

(मला जायचं आहे. हे बाबांना वाचून दाखवलेलं नाही. भिकू वाईट नाही, पण त्याला मी विचारलं, पट्टा आडवा टाकला तर चाक कसं फिरेल, तर म्हणाला, फिरेल तसं फिरेल.)

&nbsp;

अलिबाग
२० नोव्हेंबर १९६२

श्री. अंबाजीराव यांस,

हाय.

मी येतो. बत्तीस वर्षांचा आहे, अविवाहित आहे, गिरगावात वाढलो आहे. चिखलाचा अनुभव नाही. उधाणाच्या तिथी कळवाव्यात.

एक विचारतो. बांधावर हजेरीला पुरुषच लागतो म्हणालात. माझ्या वर्गात मुलगीही चालते. तेव्हा तुमचा माणूस माझ्या हजेरीला आणि मी तुमच्या हजेरीला, हा सौदा तर्काला धरून आहे. मी तेच शिकवतो.

आपला,
दिनानाथ कारखानीस

&nbsp;

मु. वाघखार
२९ नोव्हेंबर १९६२

मास्तर,

मी चेष्टेनं बोललो होतो. मैनाला विचारलं, हा माणूस चेष्टेनं लिहितोय का. ती बोलली, यांना चेष्टा येत न्हाय.

बरं. मार्गशीर्षाच्या पुनवेला या. चपला आणू नका, राहणार न्हायत. धोतर असलं तर जुनं आणा. घड्याळ घरी ठेवा. मासळी खाता ना, ते कळवा.

लग्नाची बोलणी मी मोडली न्हाय, थांबवलीत. होळीपर्यंत बघतो. तीन वेळा आला न्हायत तर भिकू.

अंबाजी, अंगठा

&nbsp;

अलिबाग
१५ डिसेंबर १९६२

श्री. अंबाजीराव यांस,

हे पत्र डाव्या हाताने लिहीत आहे. उजव्याला फोड आले आहेत. अक्षराबद्दल मैनाची क्षमा मागतो.

मासळी खातो हे आपण पाहिलंतच.

पाटी पडली याचा मला विषाद वाटतो. तिच्याबरोबर मीही चिखलात गेलो याचा त्याहून जास्त वाटतो. ज्या बाईंनी मला केसांना धरून वर काढलं त्यांचं नाव आवडाबाई असं कळलं. त्यांना नमस्कार सांगावा. त्या म्हणाल्या, "सल्ला देनाऱ्या, आदी पाय रोव." प्रशिक्षणाच्या दीड महिन्यात इतकं उपयोगाचं मला कोणी सांगितलं नव्हतं, ते मी वहीत लिहून घेतलं आहे.

रावजींनी "अंबाजीचं घर?" अशी हाक मारली तेव्हा मी गोंधळलो आणि माझ्याऐवजी कोणीतरी "आलंय, पडलंय" असं ओरडलं. ती हजेरी धरली गेली का, हे कळवावं. मला फार काळजी आहे.

केंद्रात आता मुलं स्वतःहून येतात. फोड बघायला येतात, मग बसतात आणि बोलतात. एक थळचा मुलगा सव्वा तास बोलला. मी काहीच सल्ला दिला नाही. जाताना म्हणाला, सर, मोप बरं वाटलं.

पुढची तिथी कळवावी.

दिनानाथ

&nbsp;

मु. वाघखार
१४ जून १९६३

मास्तर दिनानाथ यांना अंबाजीचा रामराम.

तुमी आमच्या घराचा अहवाल केला होता. आता मी तुमचा करतो. मैनाला सांगितलंय, मास्तरांनी मांडला होता तसाच मांड.

भाषा. मोप. पहिल्या खेपेला तुमी पाटी देणाऱ्या बायकांना "आभारी आहे" बोलत होता. दर पाटीला. आवडाबाई बोलते, ह्यो माणूस माती घेतो का अहेर घेतो?

अंगमेहनत. मार्गशीर्षात पाटी नि तुमी दोघं पडलात. ती हजेरी रावजीनं धरली, पडला म्हणजे आला होता. होळीच्या पुनवेला पाटी राहिली, तुमी एकटेच पडलात. वैशाखात दोघंही उभे होते.

आवडनिवड. सोनाबाईची जवळ्याची चटणी. धर्माजीच्या दाव्याची हकिकत तुमी शेवटपर्यंत ऐकलीत. अशी ऐकणारा दुसरा माणूस कुलाबा जिल्ह्यात न्हाय. वकीलही ऐकत न्हाय.

विभक्त कल. न्हाय. एकच हाय, हट्ट.

सल्ला. मास्तरकी सोडू नका. बांधावर पोट भरायचं न्हाय तुमचं.

आता खरं सांगतो. होळी झाली तरी मी भिकूच्या बापाला निरोप धाडला न्हाय. न्हाय बोलायचं तर कारण लागतं. तुमी दर खेपेला येत होता, पण मला वाटायचं, शहरातला माणूस हाय, हौस फिटली की जाईल. वैशाखातल्या उधाणाला मी काठी टेकत बांधावर आलो होतो. भिकूचा बापही मुद्दाम आला होता, अंबाजीचा कोण माणूस ते बघायला. रावजी हाका मारत आला. "अंबाजीचं घर?" मी सवयीनं तोंड उघडलं, नि तुमी कमरेएवढ्या चिखलातनं ओरडलात, "हजर!" सगळा गाव हसला. बांधावर हजर कोणी बोलत न्हाय, आला बोलतात. भिकूचा बाप तर पोट धरून हसला. हसून झाल्यावर त्यानं विचारलं, हाच काय तुमचा माणूस? मी बोललो, व्हय, हाच. तो बोलला, मंग आमचा भिकू मोकळा.

मी हसलो न्हाय. घरी आलो नि सोनाबाईला बोललो, पोरीचं सामान बांध. ती बोलली, होळीपासनं बांधलेलं हाय.

मैना गुरुवारी पहिल्या एसटीनं येते. गोधडी हाय, तांदूळ हायत, सुकट हाय. सुकट तुमच्यासाठी पण हाय, वेगळ्या पुडीत. पोर थोडी तापट हाय, माझ्यावर गेलीय. हिशेबात हटत न्हाय. अंधाराला भिते, ते कोणाला सांगू नका. तुमी हाक माराल तवा ती तिच्या स्वतःच्या नावाला हजर बोलेल. या खेपेला घड्याळाकडं बघू नका मास्तर, तिच्या तोंडाकडं बघा.

आणि ती कागदाच्या खाली आपलं आपलं लिहायची ते मला ठाऊक होतं. मला वाचाय येत न्हाय, पण माझं बोलणं संपल्यावर टाक कुरकुरतो ते ऐकाय येतं. काय लिहिलं ते मी विचारलं न्हाय. विचारलं असतं तर नको बोलावं लागलं असतं.

आता माझी लिहिणारी तुमच्याकडं येतेय, म्हणून माझा कागद येणार न्हाय. रघूचं अक्षर त्यालाच लागत न्हाय. धर्माजीला सांगितलं तर तो चिंचेच्या झाडाचंच लिहील. पावसात रघू घरी हाय, कोजागिरीच्या पुनवेला तुमची हजेरी हाय. तवा या, तोंडानं बोलू. पोरीलाही घेऊन या. घर आता मोप मोठं वाटंल, ते सोनाबाईनं सांगितलं म्हणून लिहायला लावलं, मी बोललो न्हाय.

अंबाजी रामा गावंड, अंगठा

(बाबांचं सांगून संपलं आहे. समोर काठी धरून बसले आहेत आणि टाकाकडे बघत आहेत. लिहून झालं का, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, अजून नाही.)